तालमीच्या हॉलमधली हवा

प्रिय बडबडे,

हातातलं काम बाजूला ठेव आणि आधी हे वाच. फोनवर सांगितलं असतं, पण नाटकाचं नाव काढलं की तू विषय बदलतेस, आणि आज मला ते चालणार नाही.

गेल्या आठवड्यात माझी भाची तालीम बघायला आली होती. तीच, इमारतींमधल्या हवेचं काम करणारी. दुसऱ्या अंकात बघते तर ही जांभयांवर जांभया देतेय. दिग्दर्शक चिडला, त्याला वाटलं, नाटकावरच शेरा आहे. ती म्हणाली, "काका, नाटक छान आहे, हवा शिळी आहे." पर्समधून हवा मोजायचं छोटं मीटर काढून तिने टेबलावर ठेवलं. आम्ही सोडलेला श्वास हॉलमध्येच साठत होता आणि आकडा चढतच होता.

नव्या इमारतीचं आपल्याला केवढं कौतुक. कुठे फट म्हणून नाही, विजेची बचत. खिडक्या उघडतच नाहीत, बाहेरची हवा यंत्र आत आणतं. आणि तेच यंत्र, वीज वाचवायला, ऑफिसं सुटली की बंद व्हायचं. नेमके आपण आत शिरायचो तेव्हा. गारवा असायचा म्हणून कुणाला शंका आली नाही, पण आतलीच हवा गार होऊन फिरत होती.

विंगेत संहिता घेऊन बसणारी मी. कोण कुठे अडखळतं ते मला पाठ. पहिला अंक सगळे धडाधड म्हणायचे, दुसऱ्यात वकीलसाहेबांपासून पोस्टातल्या वहिनींपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. आम्ही म्हणायचो, दिवसभराचा शीण.

भाचीने इमारतीच्या व्यवस्थापकाचा पिच्छा पुरवला आणि यंत्र तालीम संपेपर्यंत चालू ठेवायला लावलं. काल तशी पहिली तालीम झाली. अगं, काय सांगू तुला. दुसरा अंक नुसता पळत होता. वकीलसाहेब आपलं वाक्य संपवून वहिनींचंही म्हणून मोकळे झाले. दिग्दर्शक ओरडायचं विसरला. मी विंगेत बेकार बसले होते, फक्त तुझी वाक्यं तेवढी वाचत होते. तुझी भूमिका त्याने अजून कुणाला दिलेली नाही.

तालमीला यायचं बंद केलंस तेव्हा तू सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलंस. खरं काय ते जिन्यात मला एकटीला सांगितलंस, "माझं आईसारखं होतंय गं. तिलाही आधी शब्दच सापडेनासे झाले होते." डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, तरी तुला पटलं नाही. मी तेव्हा नुसता तुझा हात धरला. आता ऐक. तू अडखळलीस ती त्याच हॉलमध्ये, त्याच अंकात, जिथे आम्ही सगळेच अडखळत होतो. एकदा उभी राहून बघ. नाहीच आठवलं, तर डॉक्टरांकडे पुन्हा आपण दोघी जाऊ. पण न बघताच घाबरून घरात बसायचं नाही. तालीम आज संध्याकाळी आहे. पत्र घेऊन भाचीच आली आहे, आणि तुला घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं मी तिला बजावलंय.

तुझीच,
विंगेतली