कच्च्या टाक्यांचा कोट

मी, खाली सही करणारी, एका मुलाची आई, एका सज्जन माणसाची विधवा आणि हयातभर कोट शिवणारी बाई, आज दुपारी जेवूनखाऊन, चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते येणेप्रमाणे.

माझं डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य अशा कागदात घालावंच लागतं असं वकीलबाई म्हणाल्या. मी मात्र ते रीत म्हणून घालत नाही. गेले काही महिने या घरात नेमकं उलटं बोललं जातंय, म्हणून घालते. हे मी राजीखुशीने लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. म्हणजे दबाव भरपूर आला, पण मी त्याखाली आले नाही.

उद्या मी विमानात बसणार आहे. ज्या देशात मी लग्न होऊन गेले, कामाला लागले, आई झाले आणि विधवा झाले, तिथे माझ्या तीन मैत्रिणी आहेत. त्यांना भेटायला चालले आहे. डॉक्टर म्हणतात, हृदय दमलंय, एवढा प्रवास झेपेल याची खात्री देत नाही. मुलगा म्हणतो, अजिबात जायचं नाही. मी म्हणते, जाणार. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी ठीक आहे, पण तिकीट माझ्याकडे आहे.

कलम पहिलं. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मुलाने टाईप करून आणलं होतं आणि मी चहा पिता पिता त्यावर सही ठोकली होती. त्यात माझा धंदा ‘गृहिणी’ असा लिहिला होता. तेवढ्या एका शब्दापायीही ते रद्द करायला हरकत नव्हती. मी कोट शिवले. नवरदेवांचे शिवले, वकिलांचे शिवले, एकदा एका जादूगाराचा शिवला, त्याला आतून नुसते खिसेच खिसे. घरी स्वयंपाकही केला, पण त्याचा कुणी पगार दिला नाही, तेव्हा त्याला धंदा म्हणू नये.

कलम दुसरं, घर. ही राहती जागा माझ्या नावावर आहे. नवऱ्याच्या आणि माझ्या कमाईतून घेतलेली आहे. ती मी माझ्या मुलाला देते. तो आणि सूनबाई इथेच राहतात, त्यांना दुसरं छप्पर नाही. वकीलबाईंनी हळूच सुचवलं, ‘आजी, यात एक अट घाला ना, म्हणजे ते तुम्हाला जाऊ देतील.’ मी म्हटलं, बाई, मी माझ्या मैत्रिणींकडे जाते आहे, त्यासाठी पोटच्या पोराला घराचं आमिष दाखवू? अट नाही. भांडण भांडणाच्या जागी, घर घराच्या जागी.

कलम तिसरं, बँकेतली शिल्लक. तिकीट काढून जे उरलं आहे ते माझ्या तीन मैत्रिणींना सारखं वाटून द्यावं. त्यांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंकडे दिले आहेत. इथे मी त्यांना मी ठेवलेल्या नावांनीच लिहिणार. मोठी, खडू आणि वाफ. मला त्यांची भाषा येईना तेव्हा मी त्यांना माझ्या भाषेतली नावं ठेवली, आणि त्या त्याच नावांनी ओ द्यायला लागल्या. मोठी कापड कापायची. खडू खुणा करायची आणि हाताचे टाके घालायची. तोंडात कायम खडूचा तुकडा, बोलली की ओठ पांढरे. वाफ इस्त्री मारायची, आणि स्वभावानेही तशीच. मी बाह्या बसवायचे.

लोक म्हणतील, पैसे परक्यांना दिले. कोण परकं? आमचं दुकान तळघरात होतं. वर रस्ता, रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. त्या तळघरात मी त्या देशाची भाषा शिकले, आधी शिव्या आणि मग बाकीची. दिवस गेले होते तेव्हा मालकाने मला काढायचं ठरवलं, तर वाफेने गरम इस्त्री त्याच्या हिशेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, ‘हिला काढलंस तर ही इस्त्री आता उचलणार नाही.’ टेबलावर तो डाग शेवटपर्यंत होता. माझा मुलगा त्या तिघींच्या मांडीवर वाढला. त्याची विजार फाटली की कुणी शिवायची यावरून भांडणं व्हायची. आज तो त्यांना ‘तुझ्या त्या बायका’ म्हणतो. तेव्हा मावशी म्हणायचा.

नवरा गेल्यावर मुलगा मला न्यायला आला. तो नोकरीसाठी आधीच इकडे आला होता. म्हणाला, ‘आई, आता घरी चल.’ मी म्हटलं, ‘मी घरीच आहे.’ पण तेव्हा माझ्यात भांडायची ताकद नव्हती. त्याच्यातही नव्हती. त्याचे बाबा गेले तेव्हा तो विमानात होता, उतरला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून माझं माणूस माझ्या डोळ्यांसमोर पाहिजे, असं त्याने मनात घेतलं आहे. हे मला कळतं. कळतं म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसले.

कलम चौथं, कोट. यावर वाद होण्याचा संभव आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या थंडीत तिकडून एक पार्सल आलं. आत माझ्यासाठी कोट. राखाडी, भारी लोकर, आतून लाल अस्तर. मोठीने कापला, खडूने शिवला, वाफेने इस्त्री मारली. जन्मभर लोकांना कोट घातले, आम्हा चौघींपैकी एकीलाही स्वतःच्या दुकानातला कोट कधी परवडला नव्हता. आणि दोन्ही बाह्या नुसत्या पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाचलेल्या. मी बघितलं आणि हसत सुटले. हे बोलावणं होतं. आमच्या दुकानात बाही पक्की करायची ती गिऱ्हाईक समोर उभं करूनच, आणि ज्या हाताने कच्चा टाका घातला त्याच हाताने तो काढायचा. दुसरीच्या कच्च्या टाक्याला हात लावला की वाफ दिवसभर बोलायची नाही. मला कुणी म्हणेल, तू तर बाह्यांचीच कारागीर, घे बसवून. स्वतःच्या अंगावरच्या कोटाची बाही स्वतःला बसवता येत नाही. हात वर केला की खांदा हलतो.

खडूला फोन केला. म्हणाली, ‘ट्रायलला कधी येतेस? माझा हात थरथरायला लागलाय. फार उशीर केलास तर डावी बाही पाठीला लागेल.’ हसली, आणि मग हसताना लागलेली ढास थांबेचना. वाफेने फोन घेतला. म्हणाली, ‘खोकला नाहीये तो. फुप्फुसं गेलीत तिची. यायचं तर ये, नाहीतर सरळ सांग, मी तिला रोज खोटं सांगणार नाही.’

मी मुलाला सांगितलं, मला जायचंय. तो म्हणाला, ‘एका कोटासाठी? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?’ आणि पुढच्या आठवड्यात माझ्या वाढदिवसाला दोघांनी माझ्यापुढे तो कोट धरला. बाह्या पक्क्या. सूनबाईने गल्लीतल्या शिंप्याकडून मशीन मारून आणल्या होत्या. बिचारी किती खुशीत होती! ‘आई, म्हाताऱ्या बायकांना पुरा करायला जमला नसेल ना, म्हणून आम्ही करून घेतला.’ पांढरा दोरा त्या शिंप्याने काढून फेकून दिला होता. मी त्या दिवशी जेवले नाही. सूनबाईचा दोष नाही, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाला मात्र माहीत होतं. त्या तळघरात वाढलेल्या पोराला माहीत नाही असं होणार नाही. दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं.

तो कोट मी कुणालाही देत नाही. तो मी घालून जाते. खडू ती मशीनची शिवण बघून काय बोलेल ते मुलाने ऐकायला हवं होतं.

कलम पाचवं, अवजारं. शिलाईचं मशीन सूनबाईला. मोठी कात्री मोठीला, कारण ती या घरात राहता कामा नये. या कात्रीने याच घरात दुधाची पिशवी कापली गेली आहे. कुणी कापली ते मला ठाऊक आहे आणि त्यालाही ठाऊक आहे. कापडाच्या कात्रीने! माझी जड इस्त्री गल्लीतल्या शिंप्याला द्यावी आणि सांगावं की बाहीचा खांदा नुसता मशीन मारून बसत नाही. सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान माझ्या बोटात आहे, ते माझ्याबरोबर येईल.

कलम सहावं, दागिने. पासपोर्ट मुलाने ‘नीट ठेवतो’ म्हणून घेतला आणि इतका नीट ठेवला की मला सापडेना. पंधरवड्यापूर्वी तो माझ्या उशीखाली आला. कुणी ठेवला हे मी लिहिणार नाही, तिच्या संसारात मला काडी टाकायची नाही. माझ्या सोन्याच्या बांगड्या सूनबाईला द्याव्यात.

कलम सातवं. नणंदेला माझ्या खोलीतली ती खुर्ची, जिच्यावर बसून ती मला शहाणपण शिकवते. ‘वहिनी, आता आपल्या माणसांत आलीस, तिकडचं विसर.’ आपल्या माणसांत मी आले त्याला बरीच वर्षं झाली, आपली माणसं अजून फारशी आली नाहीत. खुर्ची गेली की खोलीत हिंडायला जागा होईल, एवढाच तोटा.

कलम आठवं, आणि हे डोळे उघडे ठेवून वाचावं. प्रवासात किंवा तिथे मला काही झालं तर माझा देह इकडे आणायचा नाही. पेटीत घालून, कागदपत्रांच्या रांगेत उभा करून आणायचा नाही म्हणजे नाही. माझा नवरा तिथल्या मातीत आहे. त्या तिघी सांगतील तसं करावं. त्या आपसांत भांडतील, त्यांना भांडू द्यावं. वर्तमानपत्रात ‘परदेशी निधन’ असं छापलंत तर खबरदार. मी परदेशात राहिले हे खरं आहे, पण ती वर्षं या खोलीत गेली, समोरच्या इमारतीचे पाइप बघत. मुला, हे तुला लागेल. लागू दे. तू वाईट वागलास असं मी म्हणत नाही. तू मला गरम पाणी दिलंस, औषधं दिलीस, डॉक्टर दिलेस. पण मला नावाने हाक मारणारं इथे कुणी नाही. आई, आजी, वहिनी, काकू. तिथे तिघी आहेत. त्यांतली एक चालली आहे. ती असताना मला पोचायचंय, बस्स, एवढंच म्हणणं आहे माझं, आणि ते सांगून सांगून माझा घसा बसला.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

सही केली आहे.

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर. त्यांनी सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘बुद्धी तल्लख. प्रवासास माझी संमती नाही.’ ते तसंच राहू द्यावं.

साक्षीदार दुसरे: (कोरं)

पुरवणी. ही सही झाल्यानंतर, त्याच बैठकीत लिहिली आहे.

दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे निवृत्त मॅनेजर येणार होते. आले, चहा घेतला, आठवं कलम वाचलं आणि ‘घरच्या भानगडीत मी पडत नाही’ म्हणून काढता पाय घेतला. दोन साक्षीदारांशिवाय कागदाला किंमत नाही. वकीलबाईंची सही चालेना, माझ्यामागे सगळे व्यवहार त्याच बघणार आहेत. नणंद जिन्यातून परत गेली, खुर्चीचं कळलं असावं. सूनबाई पुढे झाली तर वकीलबाईंनी थांबवलं, ‘तुम्हाला बांगड्या आहेत. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही, झाला तर त्याला दिलेलं रद्द होतं.’ मी म्हटलं, नसेल कागद तर नसू दे, मी तशीच जाते.

तेवढ्यात मुलगा स्वयंपाकघराच्या दारातून आला. सगळं ऐकत उभा होता. म्हणाला, ‘पेन दे.’

मी म्हटलं, ‘अरे, तुझं घर जाईल. दुसरं कलम वाच.’

‘वाचलं.’

वकीलबाईंनी त्याला पुन्हा एकदा नीट समजावलं. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. मला म्हणाला, ‘सही कशावर करायची असते? तुझं डोकं ठिकाणावर आहे, यावरच ना?’ मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने माझ्याकडून पुन्हा एकदा सही करून घेतली, स्वतः समोर उभं राहून, आणि मग खाली वाकून आपली केली.

आता घराचं कलम रद्द झालं आहे. मी म्हटलं, ‘वेड्या, घर आता कुणाला लिहू मी?’

तो म्हणाला, ‘घाई नाही. मावशीला भेटून ये, मग आलीस की लिही.’

साक्षीदार पहिले: डॉक्टर, सही
साक्षीदार दुसरे: मुलगा, सही
लिहून देणार: कोट शिवणारी, दोनदा सही
ठिकाण: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
तारीख: निघण्याच्या आदल्या दिवसाची