निळ्या किटलीचा रंग

प्रिय चिमणे,

सोबतचं जाड पाकीट आत्ताच फोडू नकोस. ते टेबलावर ठेव, पाय वर घेऊन बस आणि आधी माझं ऐक. सभेत मला "वेळ संपली" अशा चिठ्ठ्या येतात. तू काही तशी चिठ्ठी पाठवणार नाहीस. शिवाय माझ्या वाक्याच्या मधेच घड्याळाकडे बघायची तुझ्या बाबांची खोड पत्रात चालत नाही.

मागे घराला रंग द्यायचा म्हणून बाबांनी कपाट रिकामं केलं, तेव्हा वरच्या खणात स्वेटरात गुंडाळलेला त्यांचा जुना कॅमेरा निघाला. आत रोल होता, अर्धाअधिक वापरलेला. तुझी आई गेल्यापासून त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता हे मला माहीत होतं. पण आत तिचे फोटो असलेला रोल तसाच आहे, हे या माणसाने एवढी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, धुवायला का नाही टाकलास?" तर म्हणाले, "धुतला की संपला असता. आत होता तोवर होता." आयुष्यभर माईकपुढे बोलत आलेल्या मी नुसता हात पुढे केला, आणि त्यांनी रोल गुंडाळून त्यावर ठेवला.

तू विचार करून बघ. एका सकाळी खिडकीतून ऊन आलं, तुझ्या आईच्या चेहऱ्यावर पडलं, तिथून निघून काचेतून आत शिरलं आणि त्या पट्टीवर जाऊन बसलं. मग झाकण बंद. तू चालायला लागलीस, शाळेत गेलीस, नोकरीला लागलीस, लग्न केलंस, आणि तो उजेड तिथेच अंधारात, कुणीही न पाहिलेला. मी जाडजूड पुस्तकं वाचलीत, काळ म्हणजे काय यावर टाळ्याही घेतल्यात. पण काळ म्हणजे काय ते मला तो रोल तळहातावर घेतला तेव्हा कळलं. तो खडूच्या तुकड्याएवढा हलका होता.

आता तो धुवायचा कुठे? आपल्या कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने कधीच मोबाइलची कव्हरं विकायला घेतलीत. "ताई, आता हे टपालाने पाठवायचं काम," म्हणाला आणि त्याने मला तीन लॅबचे पत्ते दिले. बाबा म्हणाले, "पाठव कुठेही." कुठेही? मी त्यांना स्वयंपाकघरात उभं करून ऐकवलं. रोल एक आहे. धुताना बिघडला तर गेला. आणि छापताना खोटा झाला, तर तो जाण्यापेक्षा वाईट. बाबा म्हणाले, "झाली सभा? मग चहा टाक." पण त्यांना कळलं होतं मी कशाबद्दल बोलतेय.

कारण आपल्या बैठकीतला तो फोटो. तुझ्या आईचा मोठा असा तेवढा एकच फोटो आपल्याकडे आहे, आणि स्टुडिओवाल्याने तो असा उजळवून दिलाय की ती दुधात बुडवून काढल्यासारखी दिसते. तू सहा-सात वर्षांची असशील. एकदा खुर्चीवर चढलीस, तुझं मनगट काचेवर तिच्या गालाशेजारी धरलंस आणि विचारलंस, "आत्या, मी हिचीच ना?" बाबा गॅलरीत निघून गेले. मी तुला सांगितलं की तू अगदी तिच्याच रंगाची आहेस, भाजलेल्या कॉफीच्या बीसारखी ती होती, तिने मोहरीच्या रंगाचा स्वेटर घातला की रस्त्यातली माणसं वळून बघायची. तू ऐकून घेतलंस आणि पुन्हा फोटोकडे बघितलंस. हजार माणसांना पटवणारी मी, आणि समोर एक पोर, तिला मी पटत नव्हते. तिच्यासमोर पुरावा टांगलेला होता.

म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. तीन नवे रोल आणले. एकाच सकाळी, त्याच खिडकीत, तिन्ही रोलांवर तेच फोटो काढले: ओट्यावरची आपली निळी एनॅमलची किटली, पांढऱ्या बशीशेजारी माझा हात, आणि चहा पिणारे बाबा. बाबा कुरकुरले, "तोच चहा तिसऱ्यांदा पितोय, निदान गरम तरी करून दे." तरी बसवून ठेवलं. तीन पार्सलं तीन लॅबना गेली.

पहिल्या लॅबचे प्रिंट आले. बाबा पिठाच्या डब्यात शिंकल्यासारखे पांढरेफटक दिसत होते, आणि सोबत छापील चिठ्ठी: 'चेहरे विनामूल्य उजळ करून दिले आहेत.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलले: आमचा चेहरा ही काय डाग पडलेली भिंत आहे का, की तुम्ही न विचारता चुना मारावा? पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, आजवर आलेल्या सगळ्या तक्रारी उलट्या होत्या. काळा का दिसतोय, म्हणून." फोन ठेवला तरी ते वाक्य कानात राहिलं. दुसऱ्या लॅबने बाबांना आणि किटलीला एकाच पिवळ्या रंगात बुडवलं. किटली हिरवी, बाबा नारिंगी. बाबा म्हणाले, "मी पिकलोय."

तिसरं पाकीट पातळ होतं. बाबांनी त्यातला स्वतःचा फोटो उचलला, खिडकीशी नेला आणि स्वतःच्या मनगटाशेजारी धरून बघितला. मग एवढंच म्हणाले, "हा मी आहे." सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, प्रिंट काढणाऱ्या बाईंची: 'यंत्र गडद चेहरे आपोआप फिके करतं. मी ते थांबवून हाताने छापले. तुम्हाला असेच हवेत ना?' तेवढा एक प्रश्न. एवढ्यासाठी मी तीन रोल खर्ची घातले होते, की कुणीतरी विचारावं.

तुझ्या आईचा रोल त्यांच्याकडे गेला. टपाल कचेरीपर्यंत बाबा बरोबर आले, खिडकीतून पार्सल आत सरकलं तरी त्यांची बोटं पुढेच होती. मग दिवसचे दिवस काही नाही. बाबा जिन्यातल्या प्रत्येक पावलाला दार उघडायचे. दूधवाल्याने विचारलं, "काका, माझी एवढी वाट बघता?"

आणि मग त्या बाईंचा फोन आला. रोल धुतला होता, चित्रं होती. पण पट्टी म्हातारी झाली होती, रंग सरकले होते. त्या म्हणाल्या, "यांचा खरा रंग कुठला ते मी कशावरून ठरवू? मी यांना पाहिलेलं नाही. अंदाजाने छापणं मला बरं वाटत नाही." इतकं करून शेवटी अंदाजच? तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "एक विचारू? मागे तुम्ही पाठवलेल्या रोलमध्ये निळी किटली होती. तिला दांडीजवळ पोचा आहे का?"

मी ओट्याकडे बघितलं. चिमणे, किटली तिथेच होती, पोच्यासकट. तुझ्या आईच्या फोटोत तीच, त्याच खिडकीत, तिच्या कोपराशेजारी. मला माहीतही नव्हतं. बाई म्हणाल्या, "मग झालं. किटली आजच्या किटलीसारखी निळी होईपर्यंत मी रंग हलवते. बाकीचं आपोआप जागेवर येईल." संध्याकाळी पुन्हा फोन आला. "किटली जुळली," एवढंच त्या म्हणाल्या. बाबांनी खूण करून विचारलं, काय झालं? मी ओट्यावरची किटली उचलून त्यांच्या हातात दिली. रोज चहा ओतताना जी वस्तू आपण बघतही नाही, तिने तुझ्या आईचा रंग सांभाळून ठेवला होता.

पाकीट काल आलं. वरच्या कप्प्यात निगेटिव्ह होत्या, तेवढ्या मी उजेडात धरल्या. त्यांत सगळं उलटं असतं. केस पांढरे, चेहरा धुरासारखा फिका. पहिल्या लॅबवाल्यांना फार आवडली असती. प्रिंटचा कप्पा उघडायला मी हात घातला, तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि चिकटपट्टी लावली. "पहिली पोरगी बघेल," म्हणाले. स्वतः न बघता. इतकी वर्षं थांबलेला माणूस आणखी थांबला.

आता का लिहिलं ते सांगते. परवा फोनवर तू हसत म्हणालीस, येणाऱ्या बाळाने त्याच्या बाबांचा रंग घ्यावा, माझा नको. तू हसलीस, मी हसले नाही, आणि तुला वाटलं लाइन गेली. लाइन होती. मला बोलता येत नव्हतं, कारण भाषण तर मी तुला सहाव्या वर्षीच देऊन हरले होते. या वेळी भाषण नाही. चिकटपट्टी काढ, पण दिवसा, खिडकीशी, दिव्याखाली नको. त्या बाईंनी सांगितलंय की पहिल्याच फोटोत आईच्या कडेवर तू आहेस आणि तिच्या गालावर तू मूठ ठेवली आहेस. छापताना त्यांना भिंग लावावं लागलं म्हणे. गाल कुठे संपतो आणि मूठ कुठे सुरू होते, तेच कळत नव्हतं.

तुझीच, एरवी न थांबणारी,
आत्या