पिवळा दिवा विझेपर्यंत

मुलुंड, ९ जानेवारी

सकाळी चांगलीच थंडी होती. हे गेल्यापासून महिनाभर उभी असलेली त्यांची जुनी डिझेल गाडी सुरू करायला मी खाली गेले. दोनदा चावी फिरवली, नुसती खरखर.

शेजारचे सावंत म्हणाले, "वहिनी, ही आता नाही उठायची. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

मग आठवलं. हे चावी अर्धी फिरवून थांबायचे. मी घाई केली की म्हणायचे, "अगं, पिवळा दिवा विझू दे, तिला आतून गरम होऊ दे."

मीही चावी अर्धी फिरवून थांबले. दिवा विझला. चावी पूर्ण फिरवली आणि गाडी अशी थरथरत उठली की अंगावर काटाच आला. आत सगळं शाबूत होतं? एवढ्याशा पिवळ्या दिव्यावर अडलं होतं?

"च्यायला, वहिनी!" सावंत म्हणाले.

भंगारवाला नको, एवढंच सांगितलं. सावंत घरी गेल्यावर फडकं घेऊन गाडीची काच पुसली.