कॉम्प्युटर लावू नकोस, दादा

प्रिय दादा,

सगळ्यात आधी एक काम. कॉम्प्युटर लावू नकोस. काल फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहितोय, कारण तू नुसतं ‘बरं’ म्हणालास आणि तुझं ‘बरं’ मी लहानपणापासून ओळखतो. भिंतीवरचं बटण बंद कर, वायर काढून ठेव, हवं तर वर एखादा जुना टॉवेल टाक. ‘नुसतं उघडून बघतो, काही करत नाही’ हेसुद्धा नको. तुझ्या मशीनमधून जे गेलंय ते परत मिळायची थोडी आशा आहे, आणि मशीन बंद आहे तोवरच ती आहे. का, ते पुढे सांगतो. फोनवर सांगायला गेलो की तू मधेच रेडिओ बारीक करायला उठतोस आणि तेवढ्यात माझा धीर सुटतो.

आज तीन घरं झाली. आता दुपारचे चार वाजलेत, टेबलावर दोन मशीनं पोट उघडून पडलीत, आणि त्यांच्यामधली जागा रिकामी करून हे लिहायला बसलोय. पहिलं घर निवृत्त हेडमास्तरांचं. कॉम्प्युटर मेला म्हणून सकाळी सातला फोन. गेलो, गुडघे टेकून टेबलाखाली शिरलो, तर झाडू मारताना प्लग सैल झालेला. तीस वर्षं हेच चाललंय. मशीन चालू होत नाही म्हटलं की आधी प्लग बघायचा, मग पाठीमागची वायर, आणि मग मला फोन करायचा. लोक नेमकं उलटं करतात. बाहेर यायला मला खुर्चीचा पाय धरावा लागला, तर हेडमास्तर म्हणाले, तुमचंच काहीतरी सैल झालंय आता. हसलो. हसावंच लागतं.

दुसरं घर शिंपीणबाईंचं. मशीन फार हळू चालतं म्हणाल्या. स्क्रीनवर बघतो तर तिळाएवढी मोकळी जागा नाही, नुसत्या फाइली. आपल्याकडे खुर्चीवर कपडे साठायचे ना, तसं. इंटरनेटची चाळीस पानं एकदम उघडी, आणि गेल्या तीन आठवड्यांत मशीन एकदाही नीट बंद केलेलं नाही. कामाची नसलेली पानं मिटवली, बंद करून पुन्हा लावलं, तर पळायला लागलं. त्यांना वाटलं मी जादू केली. अर्ध्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात, दादा. पण हे मी जाहीरपणे सांगत नाही, नाहीतर मला कोण बोलावणार. तिसऱ्या घरी एक काका पासवर्ड विसरले होते. तो त्यांच्याच अक्षरात कीबोर्डखाली चिकटवलेला निघाला. कागदावर लिहायचाच असेल तर निदान दुसऱ्या खोलीत ठेवा, असं सांगून आलो. त्यांनी माझ्यादेखत तो कागद उचलला आणि माउसखाली ठेवला.

थकलोय रे. नुसते गुडघे नाही. तेच तेच सांगून जीभ थकली, आणि खरं तर आपण काय सांगतोय तेही हल्ली मला ऐकू येत नाही. तोंड बोलत असतं आणि हात आपले काम करत असतात. हे का सांगतोय तेही कळेल तुला.

तुला ती वही आठवते? तुमच्याकडे कॉम्प्युटर आणला तेव्हा मी तुम्हा दोघांसाठी लिहिली होती. चाळीस पानी. वहिनीने तिला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर घातलं आणि वर नाव लिहिलं, ‘खटपट्याची वही’. वहिनी लग्न होऊन आपल्या घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तिच्या माहेरचं घड्याळ दुसऱ्याच दिवशी खोलून बसलो होतो. तेव्हापासून तिने मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. वहीत सगळं बारीकसारीक होतं. भिंतीवरचं बटण दाबून मशीन बंद करायचं नाही. अनोळखी माणसाने पाठवलेलं काही उघडायचं नाही, मग त्यात कितीही मोठं बक्षीस लागलेलं असो. महत्त्वाचं असेल ते पेन ड्राइव्हवर उतरवायचं आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरपाशी न ठेवता कपाटात ठेवायचा. आणि पहिल्याच पानावर, लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून: स्क्रीनवर चौकट आली की ती काय विचारतेय ते पूर्ण वाचल्याशिवाय ‘हो’ दाबायचं नाही. तू तेवढं एकच वाक्य तुझ्या त्या सरळसोट अक्षरात कार्डावर उतरवलंस आणि स्क्रीनच्या वर भिंतीला लावलंस. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस. कार्ड लावायलासुद्धा पट्टी आणि ओळंबा घेतला होतास.

वहिनी तुझ्याहून लवकर शिकली, हे तू तिच्यासमोर कधी कबूल केलं नाहीस. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती, बोटांना सवय होती. पण ती माउस इतका जोरात दाबायची की मी म्हणायचो, वहिनी, तो विंचू नाही. दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात तिचा जन्म गेला. तिला स्वतःला काय म्हणायचं आहे हे आपण कुणी विचारलं नाही, मीही नाही. टायपिंग जमायला लागल्यावर एकदा तिने मला हळूच विचारलं, लिहिलेलं पुसायचं कसं? मी दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे आता कुणालाच दिसणार नाही ना? मला पुढच्या घरी पोचायचं होतं. पुसलेलं सगळं आधी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीत जातं आणि ती रिकामी करेपर्यंत तिथेच राहतं, हे समजावायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हणालो, नाही दिसणार, आणि चपला घातल्या.

आता परवाचं. तुझ्या लेकीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, माझ्याजवळ रडली ती. तिने मला सगळं सांगितलं. वहिनी गेल्यावर तुला त्या टोपलीत तिने लिहिलेलं सापडलं, दोनशे चौदा फाइली. रोज दुपारी लिहायची आणि रोज पुसायची. तू गेलं वर्षभर सकाळी चहा झाला की त्यातली एक बाहेर काढायचास, वाचायचास आणि पुन्हा टोपलीत टाकायचास. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, असं लेक म्हणाली तर म्हणालास, तिने जिथे ठेवलंय तिथेच राहू दे. तिचा चष्मा अजून खिडकीत आहे आणि तिचं स्टूल अजून दारामागे, मग हेच कशाला हलवायचं. टोपलीतलं परत कसं आणायचं ते त्याच वहीत लिहिलं होतं, सतराव्या पानावर. माझा एक तरी धडा कुणाच्या कामी आला म्हणायचा.

आणि मग एका सकाळी टोपली रिकामी. लेक म्हणते, तू तिला सांगितलंस, ‘माझ्याच हातून गेलं’. हाताला कंप सुटलाय, कुठेतरी भलतंच दाबलं गेलं असेल. त्या दिवसापासून तू हाताला काही करू देत नाहीस म्हणे. कपही दोन्ही हातांनी धरतोस. लेकीच्या नव्या स्वयंपाकघराचा नकाशा काढून देत होतास, ओटा आणि खिडकी झाली होती, तो तसाच गुंडाळून कपाटावर टाकलास. या हाताचा भरवसा नाही म्हणालास. चाळीस वर्षांत ज्या हाताची रेघ कधी खोडावी लागली नाही, त्याच्याबद्दल.

मला आठवलं, दोन आठवड्यांपूर्वी तू फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं होतंस, काय रे, ती टोपली रिकामी केली की त्यातलं जातं कुठे? मी एका घरी जिन्यात होतो. म्हणालो, कचऱ्याची गाडी येते, दादा, सकाळी सातला. तू हसलास. आपण दोघेही हसलो. ते हसणं आता मला झोपू देत नाही.

खरं उत्तर आज देतो. कुठेही जात नाही. जाडजूड पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तर आतली पानं जशीच्या तशी राहतात ना, तसं होतं. मशीनला फक्त ती पानं सापडत नाहीत, आणि ती रिकामी आहेत असं समजून त्यांच्यावर ते नवीन काहीतरी लिहीत राहतं. मशीन नुसतं चालू असलं तरी लिहीत असतं. म्हणून म्हटलं, लावू नकोस. तू तीन आठवडे रोज शोधत बसला होतास, त्यात काही पानं गेली असणार, खोटं कशाला सांगू. पण तुझी डिस्क जुन्या पद्धतीची आहे, अशांतून पुष्कळदा मिळतं. हेच काम करणारे एक जण माझ्या माहितीचे आहेत. मी रविवारी येतो, डिस्क काढून स्वतः त्यांच्याकडे नेतो. मिळालं तर मी एक अक्षर वाचणार नाही. पण आधी तू ठरव. तिने ते पुसलं होतं, आणि कुणाला दिसणार नाही असं मीच तिला सांगितलं होतं. परत आणायचं की नाही हे मी ठरवणं बरं नाही. निम्मं मिळेल, दहा मिळतील, कदाचित एकही नाही. हे सगळं नीट वाच, आणि मगच हो म्हण.

एवढं लिहूनही मुद्द्याचं अजून लिहिलेलं नाही, आणि त्यासाठीच तर कागद घेतला होता. तीन आठवड्यांपूर्वी मी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? तू भाजी आणायला गेलास. मी म्हणालो, तोवर तुझं मशीन जरा साफ करून ठेवतो. आदल्या दिवशी पाच घरं झाली होती, डोळे मिटत होते. जुन्या तात्पुरत्या फाइली काढल्या, एक नवीन प्रोग्राम टाकला, आणि जाता जाता टोपली रिकामी केली, सगळ्यांकडे करतो तशी. चौकट आली. दोनशे चौदा गोष्टी कायमच्या जातील, नक्की का, असं तिने विचारलं असणार. मी वाचलं नाही, दादा. भिंतीवर तुझं कार्ड होतं, माझंच वाक्य, माझ्या नाकासमोर. मी ‘हो’ दाबलं आणि तुला विचारलं, कांदे आणलेस का. लेकीचा फोन येईपर्यंत मला कळलंच नव्हतं, आणि कळल्यावरही दोन दिवस मी गप्प राहिलो, दोष तू स्वतःच्या अंगावर घेतला आहेस हे माहीत असून. तुझ्या हातून काही गेलेलं नाही. तुझ्या हाताला कंप आहे, वय झालंय, पण त्या बटणावर तो नव्हता, माझा होता. लेकीलाही आज हेच सांगतोय. तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी डिस्क घेऊन निघून जाईन, किंवा न घेता जाईन. पण तो नकाशा कपाटावरून काढ. ओटा आणि खिडकी झाली आहे, दार काढायचं राहिलंय. रविवारी येईन तेव्हा ते दार काढलेलं दिसू दे.

तुझाच,
खटपट्या