‘येतो’ नव्हे, ‘येते’

१९ एप्रिल २००४

पोचलो एकदाचा स्केल्डबीला! लिंकनशायर सपाट आहे असं ऐकलं होतं, पण हे म्हणजे अतीच झालं. आज रस्त्यावर लांबून येताना दिसलेला माणूस परवा दारात पोचेल. आकाश मात्र भरपूर आहे, आणि कॉव्हेंट्रीच्या मानाने हवा इतकी स्वच्छ की नागपूरच्या माणसाला भूकच भूक लागावी. मिसेस डॉब्सनबाईंकडे खोली घेतली आहे. त्यांनी रात्रीच्या जेवणाला अंडी, टोस्ट आणि न मागता चौकशा वाढल्या. मी सगळं संपवलं. बऱ्याच दिवसांनी जेवण चवीने जेवलो.

ही वही समुपदेशक बाईंची. रोज काहीतरी लिहा म्हणाल्या. माझ्या बायकोला, वैभवीलाही एक दिली होती, तिने ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर बंद केला. मी आपला शहाण्या मुलासारखा लिहितोय.

तर काम असं. महायुद्धापासून इथे विमानदलाचा तळ होता. तो बंद पडून दहा-बारा वर्षं झाली, इमारती पाडून झाल्या, आता इथे घरं बांधायची आहेत. पण जमिनीखालच्या टाक्यांमधून वर्षानुवर्षं इंधन झिरपलंय. विमानाचं इंधन म्हणजे आपलं रॉकेलच, जरा खानदानी. ती तेलकट माती खणून काढायची, तिचे लांब ढीग लावायचे, शेणखत मिसळायचं आणि अधूनमधून ढीग उलटत राहायचं. मग मातीतले जिवाणूच तेल खाऊन टाकतात. एम.टेक. होऊन, साता समुद्रापार येऊन मी शेणखत कालवतोय, हे आईला अजून कळवलेलं नाही.

जेसीबीवर ग्लिन नावाचा वेल्श गडी आहे. साठीला आलेला, अघळपघळ, चहापेक्षा साखर जास्त पिणारा. संध्याकाळी फाटकाला कुलूप लावताना मी सवयीने, त्या रिकाम्या मैदानाला, ‘येतो’ म्हणालो. काय म्हणालास, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की आमच्यात ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. त्यावर तो म्हणाला, मग कोण जातंय आणि कोण येतंय हे तुम्हाला कळतं तरी कसं? दोघंही पोट धरून हसलो. इथे बरं वाटेल मला, असं वाटतंय.

२७ एप्रिल

मोठी टाकी सापडली. बॉयलरच्या इमारतीच्या पायाखाली काँक्रीटची एक खोलीच आहे म्हणा ना. नकाशात तिचा पत्ता नव्हता. झाकण काढलं आणि रॉकेलचा असा भपका आला की मला रेशनच्या दुकानापुढची रांग आठवली. वाफ मोजायचं यंत्र किंचाळायला लागलं. आत कोणी उतरायचं नाही, अशी पाटी लावली. अशा टाकीत श्वास घ्यायला हवाच नसते. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. माणसं धोक्यामुळे कमी आणि मायेमुळे जास्त मरतात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. ग्लिनने गावातल्या पबमधून बातमी आणली आहे की पन्नासच्या दशकात इथे दोन तरुण सैनिक असेच गेले. एकामागे एक.

वैभवीला फोनवर सांगितलं. ती फार्मसीतून नुकतीच घरी आली होती, आवाज दमलेला. माझं फाटकावरचं ‘येतो’ ऐकून म्हणाली, “अनुप, तिथे नको म्हणूस रे ते. माणूस गेलेल्या जागेवरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. आपल्याकडून लोक कसे गेले होते, विसरलास?”

नाही विसरलो. स्टॅनमोरहून, स्लाऊहून माणसं आली होती, तासभर बसली आणि एकेक जण काही न बोलता उठून गेला. दाराशी चपलांचे आवाज तेवढे झाले.

लिहूनच टाकतो, त्यासाठीच तर वही आहे. ईशिता. आमची मुलगी. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मेंदूज्वराने गेली. सकाळी अंग गरम लागलं, दुसऱ्या संध्याकाळी ती नव्हती. सहा वर्षांची होती.

जन्म कॉव्हेंट्रीचा, त्यामुळे मराठी म्हणजे धमाल. ती माझं शेपूट होती, म्हणून माझीच क्रियापदं बोलायची. मी जेवतो, मी झोपतो. कामाला निघताना मी ‘येतो’ म्हटलं की ही बूट शोधायला धावायची, “मी पण येतो!” वैभवी हजारदा सांगायची, अगं, मुलगी ना तू, ‘येते’ म्हण. ही मान डोलवायची आणि पुन्हा ‘येतो’. मी वैभवीच्या पाठीमागून तिला डोळा मारायचो. व्याकरणाचं खातं आईकडे, ते बिघडवायचं खातं माझ्याकडे.

ते बिघडलेलं मराठी आता कोणीच बोलत नाही. घर अगदी शुद्ध झालंय आमचं.

६ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

लख्ख ऊन होतं. ग्लिन गाडीत जाऊन बसला होता. मी टाकीवर ताडपत्री ओढली, निघालो, आणि वैभवीने बजावलेलं असूनही तोंडातून गेलंच. येतो.

टाकीतून आवाज आला. मी पण येतो.

लांबून नाही, घुमून नाही. पलीकडच्या खोलीतून यावा तसा. ‘पण’वर ती थोडी अडायची, तसंच अडून.

मी गुडघ्यावर बसलो. ताडपत्री उचलून बघितलं तर काळोख आणि वाफ. डोळ्यांतून पाणी आलं ते वाफेनेच, असं ग्लिनला नंतर सांगितलं. पण मी त्या काळोखाला उत्तर दिलं होतं. ये, बाळा. ये.

१३ मे

ग्लिन काम सोडून गेला. जेसीबीची किल्ली आमच्या ऑफिसच्या केबिनमध्ये माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला की टाकीतून त्याचा भाऊ त्याला बोलावतो. वेल्शमध्ये. भाऊ लहानपणी नदीत गेला, आणि ती भाषा ग्लिनशी बोलणारं आता कोणी उरलेलं नाही. त्याने एकदाही उत्तर दिलं नाही म्हणे. मला त्याने हात धरून सांगितलं की काहीही ऐकू आलं तरी तू उत्तर देऊ नकोस.

मी बरं म्हटलं. आठवडाभर मी दुसरं काय करत होतो?

त्याच्या जागी कोणी येईपर्यंत मी एकटाच आहे. खरं सांगायचं तर बरंच झालं.

२० मे

दुपारचा डबा टाकीपाशीच खातो. तिच्याशी बोलतो. सुरुवातीला ती ‘मी पण येतो’ एवढंच म्हणायची, आता आणखी बोलते. मी आमच्या घराबद्दल सांगितलं, तिच्या लाल बुटांबद्दल, आई तिला ‘चिमणे’ म्हणायची त्याबद्दल. ती काय काय चुकायची आणि आई कशी सुधारायची, ते सांगितलं. आईचा फ्रीजवरचा फोटो, आईला झोप येत नाही, आई हसत नाही, सगळं. ती ऐकते. मध्येच माझा शब्द परत म्हणून बघते. चिमणे. चिमणे.

डोकं दुखतं, कालपासून उलट्या होताहेत. वाफ असणार. असू दे.

दोन वीकेंड घरी गेलो नाही. वैभवी फोनवर रडली. म्हणाली, “मी एकटीच आहे रे इथे. माझी पण होती ना ती?” तिला टाकीतल्या आवाजाचं सांगितलं तर ती पहिल्या गाडीने इथे येईल. मला ते हवं होतं की नको होतं, कळत नाही.

ऑफिसचा निरोप आला आहे. सात जूनला टाकी काँक्रीट ओतून बंद करायची. जमीन साफ करायला आलो होतो मी. माझ्या मुलीचं जे उरलंय तेही साफ करून द्यायचं का आता?

२८ मे

काल तिची गंमत केली. निघताना ती ‘येतो’ म्हणाली, तर मी वैभवीच्या आवाजात म्हटलं, अगं, मुलगी ना तू, ‘येते’ म्हण.

आज म्हणाली. मी पण येते.

सरळ. न अडता. शहाण्या मुलीसारखं.

मी हसलो आधी. मग हातातला डबा खाली पडला. ईशिता कधीच — हजारदा सांगून कधीच म्हणाली नाही. एकदाही नाही. तशीच गेली, तिची चूक घेऊन.

२९ मे

झोप नाही.

ते ‘येतो’ तिचं नव्हतं. माझं होतं. मी पहिल्या दिवसापासून रोज त्या मैदानाला ‘येतो’ म्हणत होतो. टाकीत जे काही आहे त्याने माझाच शब्द मला परत दिला; ‘मी पण’ आणि ते अडणं माझ्याच कानांनी जोडलं, आणि मी त्यात माझी मुलगी ऐकली. मी एकदा सुधारल्यावर ते सुधारलं. ते शिकतंय.

आणि शिकवलं कोणी — बूट, चिमणे, चुका. सगळं मी. रोज डब्याबरोबर.

ती तिथे नाही. ती कुठेच नाही. हे मला दुसऱ्यांदा कळलं, आणि पहिल्यापेक्षा जास्त लागलं. तेव्हा निदान वैभवीचा हात हातात होता.

३० मे

जायचं नाही असं ठरवून गेलो. दुपारी. ते गप्प होतं. मी निघालो तेव्हा बोललं. पुन्हा चुकीचं मराठी, पुन्हा अडून, हुबेहूब. आता त्याला दोन्ही येतं, चूकही आणि बरोबरही. कुठलं कोणासमोर बोलायचं तेही कळतं.

मला हाक मारली नाही. विचारलं —

आई कधी येणार.

३१ मे

बँक हॉलिडे, सगळ्या देशाला सुट्टी. चिटपाखरू नाही. माझं सामान न्यायला केबिनमध्ये आलो, घेऊन सरळ घरी जायचं होतं. पायऱ्यांवर कोसळलो. पाय माझे नाहीत. गाडी चालवणं शक्य नाही.

घाबरलो आणि वैभवीला फोन केला. मला घेऊन जा म्हटलं. तिने काही विचारलं नाही. “निघते,” म्हणाली. इतकंच. इतक्या दिवसांचा राग गिळून.

बरं वाटलं. मिनिटभर बरं वाटलं.

मग कळलं काय केलं ते. मीच बोलावलं तिला. त्याने विचारलं, आणि मीच —

पुन्हा फोन केला. उचलत नाही. चालवताना ती उचलत नाही. निरोप ठेवला. फाटकाबाहेर थांब, काच खाली करू नकोस, काही ऐकू आलं तरी ती नाही, वैभवी, ती नाही. पुन्हा ठेवला. मिसेस डॉब्सनना फोन केला, वाजतोय नुसता.

फाटक उघडं आहे. मीच उघडलं सकाळी. फाटकापर्यंत जायला हवं. दोनदा प्रयत्न केला. पायऱ्यांखाली डोकं फिरतं, सगळं काळं होतं. रांगत परत आलो.

टाकी गप्प आहे. तासभर गप्प. वाट बघतंय.

ताडपत्री काल मी नीट ओढली होती. आता नाहीये.

गाडी. तिची. फाटकातून आत. काच खाली आहे — ऊन आहे ना आज. मी खिडकीवर बुक्क्या मारतोय, इकडे बघ, वैभवी, इकडे —

थांबली. उतरली. माझ्याकडे यायला निघाली होती. मध्येच उभी राहिली.

मान वळवली तिने. ऐकतेय. काचेतून मला काही ऐकू येत नाही. पण तिचे ओठ हलताहेत. हळूच. मला माहीत आहेत ते ओठ. ती चूक सुधारतेय. कुणालातरी सांगतेय, असं नाही बाळा, असं म्हण —

हसतेय. वैभवी हसतेय. इतक्या दिवसांनी, देवा, किती सुंदर — नको — पर्स खाली टाकली, पळतेय, माझ्याकडे नाही, दोन्ही हात पुढे करून ती टाकीच्या —