उजव्या हाताची शिकवणी

१२ जुलै १९९९
पोचले एकदाची बडोद्याला! खोली गोत्री भागात, अहल्याकाकूंकडे. कंपनीनंच ठरवून दिली. काकू एकट्याच असतात. त्यांचे यजमान श्रीकृष्णपंत नावाजलेले तबलजी, मागच्या हिवाळ्यात गेले. त्याआधी कंपनीनं त्यांच्या बोटांची हालचाल न् हालचाल कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली. आता तारा जोडलेला हातमोजा चढवायचा, की तो आपली बोटं त्यांच्यासारखी हलवतो. शिकून बघायला मला नेमलंय, कारण मला तबल्यातलं ओ की ठो कळत नाही! सध्या उजव्या हाताचाच मोजा तयार आहे.

१८ जुलै
अलकापुरीतल्या ऑफिसात सगळे गुजरातीत बोलतात, मी आपली हसते. साहेब देवेंद्रभाई ‘केम छो’ म्हणतात आणि उत्तर न ऐकताच पुढे जातात. दिवसभरात माझा हात धरणारा तो मोजा तेवढा. खोटं कशाला लिहू, बरं वाटतं.

२ ऑगस्ट
आज जेवायला बसले आणि हातानं आपणहून ताटाभोवती पाणी फिरवलं, भाताची शितं कडेला मांडली. चित्राहुती! आमच्याकडे आजोबा घालायचे. मी जन्मात घातली नाही. काकूंच्या हातातला डाव पडला. म्हणाल्या, ह्यांची शेवटची नेहमी लोणच्यापाशी असायची. माझीही तिथंच होती.
आईला फोन केला. म्हणाली, जेवणाची आबाळ होत असेल.

६ ऑगस्ट
मी ऑफिसात मोजा नको म्हणाले. देवेंद्रभाई हसले. मोजा न घालताही हात चालतोच आता. संध्याकाळी काकू शेजारी बसून तो हातात घेतात. तोही त्यांचा हात घट्ट धरतो. दोघं किती वेळ तशीच. मी तिथं आहे, हे कुणाच्या गावीही नाही.

८ ऑगस्ट
डाव्या हातानं लिहितेय. उजवा पेन धरत नाही. काकूंची चाहूल लागली की तिकडे ओढतो —
डावा अजून माझा आहे.

९ ऑगस्ट
डाव्या हाताचा मोजा आला. काकूच ऑफिसातून घेऊन आल्या. मी बॅग भरली — एका हातानं — आतून कडी घातली. दाराला टेकून लिहितेय. त्या बाहेर उभ्या आहेत, हाक मारताहेत. मला नाही. ‘अहो’ म्हणताहेत. ‘अहो, उघडा ना’ —
उजवा हात वर जातोय. आई गं, तो कडी का