इदवालचं एकुलतं एक इंग्रजी वाक्य

प्रिय मारेडआत्या,

तेगवेनचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? लिव्हरपूलची हवा मानवत नसेल तर मानवून घे, कारण इकडची वेल्समधली त्याहून वाईट आहे. खाणीवरून धुकं उतरलं की शेजारचं घर दिसत नाही (शेजारी कोण राहतं ते तुला ठाऊकच आहे, त्यामुळे तक्रार नाही). आम्ही दोघं भावंडं खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण रोज चॅपेलची पायरी चढणाऱ्या बाईने खोटं कशाला लिहावं? मी खुशाल आहे. तुझा लाडका भाचा इदवाल मात्र गेल्या रविवारपासून बोलत नाही. इंग्रजीत बोलत नाही हे जुनंच, आता वेल्शमध्येही बोलत नाही. भाषणांवर वाढलेला माणूस असा गप्प बसला की घर खायला उठतं.

त्याच्या शपथेचं तू ऐकलंच असशील. पाच वर्षांपूर्वी पक्षाच्या मेळाव्याच्या भर मांडवात उभं राहून त्याने जाहीर केलं की जिल्हा कौन्सिलचा कारभार वेल्शमध्ये चालू होईपर्यंत माझ्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या घरी गेले. शपथेसोबत एका छपराखाली राहायला उरले मी! विजेचं बिल इंग्रजीत आलं म्हणून त्याने परत धाडलं, आणि अख्खा हिवाळा मी कंदिलाच्या उजेडात मोजे विणले. दाताच्या डॉक्टरला (साहेब बिचारा नुकताच केंटहून आलेला) कोणता दात दुखतोय ते याने वेल्शमध्येच सांगितलं. डॉक्टरने चांगला दात उपटला. दुखरा काढायला पुन्हा गेला आणि पुन्हा वेल्शमध्येच सांगितलं. तेव्हापासून निवडणुकीच्या फोटोत तो ओठ घट्ट मिटून बसतो, आणि लोक म्हणतात, काय करारी चेहरा! इंग्रजी पाटीला रंग फासल्याबद्दल तुरुंगातही जाऊन आला. पकडणारा हवालदार गार्मोन, म्हणजे आपल्याच चॅपेलमध्ये खर्जात गाणारा. त्याने रंगवून होईपर्यंत शिडी धरली आणि मग पकडलं.

तर यंदा गावची शाळा वेल्शमध्ये चालवायची की नाही यावर कौन्सिलमध्ये मतं समसमान पडणार होती, आणि निकाल होता मिसेस हॅलमच्या हातात. ही बर्मिंगहॅमची विधवा, वरच्या आळीत घर घेऊन राहिलेली, कौन्सिलच्या सभासदांत एकटीच बाहेरची. इदवालने मला सांगून तिला चहाला बोलावलं (मनुकांचा पाव मी केला, श्रेय पक्षाला गेलं). चॅपेलचं निम्मं मंडळ मदतीला येऊन बसलं होतं. आता आपली खोड तुला माहीत आहे. वीस वेल्श माणसं गप्पा मारत असोत, दारात एक परका उभा राहिला की विसाच्या वीस जिभा इंग्रजीकडे वळतात. त्याला परकं वाटू नये म्हणून! मायबोली मरते आहे म्हणून दर रविवारी व्यासपीठ बडवणारे आपले पाद्री तुदुर, हवापाण्याबद्दल इंग्रजीत विचारणारे तेच पहिले.

आणि आत्या, त्या बाईने उत्तर दिलं ते वेल्शमध्ये! तोडकंमोडकं, अडखळत, पाद्रीबाबांना सरळ अरेतुरे करत, पण वेल्शमध्ये. तीन हिवाळे वाचनालयाच्या वर्गात शिकत होती म्हणे, आणि गावात एकालाही पत्ता नाही. कसा असणार? तिने दुकानात वेल्शमध्ये पाव मागितला की दुकानदार तो इंग्रजीत देतो. आम्हीही तेच केलं. तिने वेल्शमध्ये साखर मागितली, मी इंग्रजीत दिली. एकटा इदवाल तिच्याशी वेल्शमध्ये बोलत राहिला, कारण शपथेमुळे त्याला दुसरा मार्गच नव्हता. बाईचे डोळे भरून आले. "थांबू नका," ती म्हणाली, "मी चुकले तरी थांबू नका."

तिच्या मताने शाळा वेल्शची झाली. पण बाई थांबेना. दर बुधवारी हजर, सोबत मधे खचलेला केक आणि अंगाला वास येणारा कुत्रा. दोघं मेंढ्यांपासून स्वर्गापर्यंत सगळ्या विषयांवर बोलायची. इदवाल दाढी करताना गायला लागला. पंचावन्न वर्षांच्या माणसाला हे शोभतं का, तूच सांग.

शेवटी गेल्या रविवारी परसात, लीकच्या भाजीच्या वाफ्याजवळ, त्याने तिला लग्नाचं विचारलं (मी स्वयंपाकघरात होते, खिडकी वाऱ्याने उघडली). आणि विचारलं इंग्रजीत! ज्याने दोन दात दिले पण इंग्रजीचा एक शब्द काढला नाही, त्याने! मी तेव्हाच फैलावर घेतलं तर शेवटचं एवढंच म्हणाला, "अगं, एवढी नाजूक गोष्ट. न समजताच हो म्हणाली असती तर?" बाई लालबुंद झाली. "या खोऱ्यात एक माणूस मला परकी समजत नव्हता," ती म्हणाली, "आणि नेमकं हे विचारायला त्यालाही इंग्रजीच सुचलं! म्हणजे मी अजून पाहुणीच ना?" एवढं सगळं ती वेल्शमध्ये बोलली, एकही चूक न करता, आणि कुत्र्याला घेऊन चालती झाली.

असो. राजकारण्यांच्या भानगडीत आपण पडू नये या मताची मी आहे. तब्येतीला जप.

तुझी,
तेगवेन

ता.क. मिसेस हॅलम सध्या तिकडे लिव्हरपूललाच बहिणीकडे गेली आहे. बहिणीचं घर तुझ्या मागच्याच रस्त्यावर, निळ्या दाराचं. तिला चहाला बोलाव आणि इदवालची बाजू मांड. मात्र बोलशील ते वेल्शमध्येच. ती अडखळली तर वाट पाहा, शब्द पुरवू नकोस. तुझी जीभ वळणार हे मला ठाऊक आहे, माझीही वळते. दाताखाली धर.

ता.क. २. केकबद्दल आणि कुत्र्याबद्दल लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. मला ती या घरात हवी आहे. आमचे बाबा गेल्यापासून या टेबलावर कोणी एवढं हसलं नव्हतं.

ता.क. ३. आत्या, वेल्शमध्ये नाही जमलं तर इंग्रजीत सांग. पण सांग. — इदवाल

ता.क. ४. पाकीट चिकटवायला उठले तेवढ्यात त्याने वरची ओळ घुसडली. अशा माणसाला मतं देतो आपण! त्याचं मुळीच ऐकू नकोस.